रिकाम्या खुर्चीचा आकडा

मीटर स्टुलावर ठेवून ती फोन घ्यायला दारापर्यंत गेली, एवढंच झालं. फोन भलत्याच कुणाचा होता; पलीकडच्या बाईला दातांचा विभाग हवा होता. ती परत वळली तेव्हा मामा स्टुलाशी वाकून, कान लावून उभे होते, झोपलेल्या माणसाचा श्वास चालू आहे ना ते बघावं तसे.

"ताई, जरा पुन्हा दाराशी जा बघू."

"का हो?"

"जा तर खरं."

ती चार पावलं मागे गेली. मीटरची टकटक मंदावली. थांबून थांबून, विचार करून बोलल्यासारखी. ती पुढे आली. टकटक वाढली. मागे. पुढे. मामांना मोठी गंमत वाटली. "बघा म्हणजे झालं! तुम्ही गेलात की हे गप्प, आलात की याची वटवट सुरू. जीव जडलाय वाटतं तुमच्यावर."

ती हसली. हसू तोंडावर असतानाच तिचा हात आकड्यांच्या वहीकडे गेला.

मामा या खोलीचे राखणदार. हॉस्पिटलच्या तळघरात, कॉरिडॉरच्या पार टोकाला, शिशाचा पत्रा ठोकलेलं दार आणि आत फळ्यांवर रांगेनं मांडलेल्या पिवळ्या पिशव्या. वर चौथ्या मजल्यावर गळ्यातल्या ग्रंथीच्या रोग्यांना आयोडीन देत. जखमेवर लावतात ते नव्हे, किरणं सोडणारं. ती माणसं तीन-चार दिवस एकेकट्या खोलीत काढत आणि तेवढ्या दिवसांत त्यांनी ज्याला म्हणून हात लावला, तोंड लावलं, ज्यावर डोकं टेकलं, ते सगळं पिशव्यांत बांधून, तारीख घालून खाली येई. इथे त्याचं काही करायचं नसे. जाळायचं नाही, पुरायचं नाही, धुवायचंही नाही. नुसतं ठेवायचं. आठ दिवसांत त्यातला जोर निम्मा होतो, पुढच्या आठात निम्म्याचा निम्मा, आणि असं दहा वेळा झालं, ऐंशी दिवस भरले, की पिशवी निवली. मग ती चारचौघींसारखी साध्या कचऱ्यात जाऊ शकते. मामा हिला पेन्शनरांची खोली म्हणत. "कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. बसल्या जागी आपोआप निवत जायचं. माझंही दुसरं काय चाललंय?" ऐंशी दिवस भरलेली प्रत्येक पिशवी मोजून, आता ही खरंच निवली, असं लिहून सही करणं हे तिचं काम. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली त्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत, वरच्या मजल्यांवर सगळ्यांना तिची कीव येत असली तरी, तिला हीच खोली बरी वाटत आली होती. इथे प्रत्येक वस्तूला तारीख होती. काय, कधी, किती, आणि कधी संपणार. घरात असं काही नव्हतं.

मोजण्याची एक रीत होती. आधी खोलीबाहेर, कॉरिडॉरमध्ये, जिथे काहीच नाही तिथे किरणं मोजायचं मीटर छातीशी धरून उभं राहायचं आणि 'काहीच नाही' किती आहे ते लिहायचं. कारण काहीच नाही हे कधी शून्य नसतं. भिंतीतून, जमिनीतून, वरून आकाशातून थोडं थोडं येतच असतं, सगळीकडे, सगळ्यांवर. त्याला बॅकग्राउंड म्हणायचं. मग आत जाऊन पिशवी मोजायची, त्यातून बॅकग्राउंड वजा करायचं. उरेल ते पिशवीचं. शिकाऊ मुलींना ती सांगत असे, आधी नसलेलं मोजा, मगच असलेलं कळतं. हे वाक्य तिला स्वतःला आवडायचं.

आता तिनं वही उघडली. आजचं बॅकग्राउंड अकरा. कालचं बारा. शनिवार तेरा, शुक्रवार तेरा, गुरुवार चौदा. गुरुवारच्या वर काही नव्हतं. तिथून पान सुरू होत होतं, नव्या महिन्याचं पान. तिनं पान उलटलं. बुधवार सहा. मंगळवार सहा. सोमवार पाच. त्याआधीही सहा, पाच, सहा, सहा, महिनाभर, तिच्याच अक्षरात. सहावरून चौदावर गेलेली ती उडी दोन पानांच्या मधल्या घडीत पडली होती. रोज सकाळी तिची नजर फक्त वरच्या ओळीवर जाई, आणि वरच्या ओळीपेक्षा आजचा आकडा कमीच असे; कमी म्हणजे चांगलं. आणि किती शहाण्यासारखा उतरला होता तो! आठ जास्त, सात जास्त, मग सहा, मग पाच. आयोडीन उतरतं तसा. तिनं मनात हिशेब केला आणि करून झाल्यावर तो केला नसता तर बरं, असं तिला वाटलं. गुरुवारपासून रोज ती कॉरिडॉरमध्ये स्वतःला मोजत होती, आणि मग पिशवीतून स्वतःला वजा करत होती.

"मामा," ती म्हणाली, "माझ्यापासून लांब व्हा. त्या भिंतीपर्यंत. आणि मीटर तिथूनच माझ्याकडे धरा."

"अहो, पण झालं काय?"

"धरा ना."

मामांनी मीटर धरलं, फणा काढलेल्या सापासमोर काठी धरावी तसं. तिनं कोट काढून खाली ठेवला आणि बाजूला झाली. टकटक तिच्याबरोबर आली. चपला. तिच्याबरोबर. घड्याळ. तिच्याबरोबर. म्हणजे आतच आहे, तिला वाटलं. आणि त्या वाटण्याला एक चव होती, जिभेच्या मुळाशी, नाणं चोखल्यासारखी. कुठल्यातरी श्वासाबरोबर, कुठल्यातरी घोटाबरोबर ते आत गेलं आणि गळ्यात जाऊन बसलं. आपण पिशवी. आपल्यावर तारीख. हात गळ्याकडे गेला आणि ओळखपत्राच्या पट्ट्यात अडकला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की अजून एक वस्तू अंगावर आहे. निळा विणलेला पट्टा, खाली प्लास्टिकची चिमटी, चिमटीत फोटो. गरोदरपणाच्या आधीचा, गाल बसलेले. तिनं तो डोक्यावरून काढला आणि हात लांब करून फळीवर टाकला.

टकटक पट्ट्याबरोबर गेली. मामांनी मीटर तिच्याकडे वळवलं: सहा. पट्ट्याकडे वळवलं आणि दचकून मागे सरले.

"हात्तिच्या! पट्टाच होय? मला वाटलं..." त्यांनी मीटर खाली केलं. "चला, सुटलात. इडापिडा टळली."

सुटलीच होती ती. अंगावर होतं, अंगात नव्हतं. आणि अंगावरचं काढता येतं, पिशवीत घालता येतं, तारीख घालता येते. तिनं दुहेरी हातमोजे चढवले, पट्टा चिमट्यानं उचलून दिव्याखाली धरला, कुठे डाग दिसतो का बघायला. डाग दिसला नाही. दिसलं ते हे, की चिमटीजवळ पट्ट्याची वीण उसवून मऊ, फुलारलेली झाली होती, आणि प्लास्टिकवर बारीक बारीक खड्डे होते. दातांचे. वरचे दोन, खालचे दोन. चार.

संध्याकाळी ती घरात पाऊल टाकायची आणि ठकी रांगत यायची, गुडघ्यांचा तो थप थप आवाज करत. अकरा महिन्यांची, चार दातांची, पाचवा वाटेवर. उचलून घेतल्याबरोबर तिचा हात थेट पट्ट्यावर. ओढून, मुठीत धरून, तोंडात. डोळे मिटून, ब्रह्मानंदी टाळी लागल्यासारखी चघळत राहायची आणि तेवढा वेळ घर शांत असायचं. चहा होईपर्यंत, कपडे बदलेपर्यंत, सासूबाईंनी दिवसभराचा पाढा वाचेपर्यंत. नवरा म्हणायचा, अगं, ओळखपत्र खाऊन टाकलंन तर उद्या तुला आत कोण घेईल? आणि तिला, सगळं उकळून, गाळून, पुसून घेणाऱ्या तिला, या पट्ट्याचं काहीच वाटलं नव्हतं. कारण तो तिच्या अंगाचा होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार. पाच संध्याकाळी.

"मामा, सरांना बोलवा," ती म्हणाली. "आणि ते लोखंडी कपाट..." कपाटात गोळ्या होत्या. साध्या आयोडीनच्या, गळ्यातली ग्रंथी आधीच भरून ठेवणाऱ्या, म्हणजे दुसरं आयोडीन आलं तरी त्याला आत जागा नको. पण त्या आधी घ्यायच्या असतात. आधी, नाहीतर त्याच वेळी. बुधवारी संध्याकाळी द्यायला हव्या होत्या. आज मंगळवार.

सर आले. किरणांपासून सगळ्यांना सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी त्यांची. उंच, किडकिडीत, चालतानाही दोन पावलांतलं अंतर सारखं ठेवणारे. सगळं हॉस्पिटल त्यांना पाठीमागे पॉइंट सर म्हणायचं, कारण त्यांना कुठलंही उत्तर दशांशाशिवाय देता येत नसे. त्यांनी सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"बुधवारी काय झालं होतं?"

बुधवारी तीन नंबरच्या खोलीतल्या बाईंना औषध घेतल्यावर वीस मिनिटांत उलटी झाली. निवृत्त शिक्षिका होत्या. इतक्या शरमल्या, की सारखं म्हणत होत्या, मुली, तू कशाला, मी पुसते ना. तिनं सगळं नियमानं केलं. दोन हातमोजे, पायांना पिशव्या, टिपकागद कडेकडून मध्याकडे, पुसलेलं पुन्हा पुसून, मोजून, पुन्हा मोजून. बाहेर पडताना हात मोजले, पाय मोजले. यंत्र तेवढंच मोजतं. पट्टा कोटाच्या आत असायचा असा नियम. पण बाळंतपणापासून कोटाची वरची दोन बटणं लागत नव्हती. मोठा कोट मागवलेला होता, यायचा होता. पिशवीचं तोंड आवळायला ती वाकली आणि पट्टा बाहेर झुलला. पिशवीच्या काठाला त्याचा हलका टप् असा स्पर्श तिला आठवत होता. की आत्ता ती तो रचत होती? डोळ्यांपुढे चित्र इतकं स्वच्छ होतं की त्याचा भरवसा वाटेना. खऱ्या आठवणी अशा कडेपर्यंत उजेडातल्या नसतात.

सरांनी बारीक फट असलेलं शिशाच्या जाड पट्टीचं झाकण मीटरला लावलं आणि पट्ट्यावरून बोट-बोट सरकवत नेलं. वर काही नाही. मध्ये काही नाही. चिमटीच्या वर चार बोटांवर टकटक एकदम तापली. त्याच्या खाली, जिथे वीण फुलारली होती तिथे, थोडीशी. अगदी चिमटीवर जवळजवळ काहीच नाही.

"चघळलेल्या भागावर कमी आहे," सर म्हणाले. "शून्य पॉइंट तीन पट. ही चांगली गोष्ट."

कमी म्हणजे चांगलं, हेच ती जन्मभर शिकली होती. पण कमी दोन तऱ्हांनी असू शकतं. तिथे ते कधी पडलंच नाही म्हणून कमी. किंवा पडलं होतं, आणि कुणीतरी चोखून नेलं म्हणून कमी. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे, आणि त्यांच्याही ते ध्यानात आलं हे तिला कळलं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि पुसण्याऐवजी तसाच हातात धरून ठेवला.

"मुलीला बोलवून घ्या," ते म्हणाले.

"सर, आणखी एक. गुरुवारपासून मी ज्या पिशव्या सोडल्या त्यांचे आकडे चूक आहेत. आठ पिशव्या. मागच्या शेडमध्ये असतील, गाडी उद्या येते."

"तुमचं आत्ता त्याकडे लक्ष..."

"वाकल्यावर पट्टा पिशवीजवळही जायचा. त्यामुळे एकाला एक कटून कदाचित बरोबरही निघतील. पण कदाचितवर मी सही करत नाही." तिचा आवाज चढला होता. मामा ढकलगाडी घेऊन निघालेसुद्धा.

सासूबाईंनी फोन उचलला तो तक्रारीच्याच सुरात. "तुझी लेक काय करतेय विचारतेस? माझं डोकं खातेय. दुसरं काही खायला तयार नाही ना. घास पुढे केला की मान फिरवते. चांगली रबरी कडी आण म्हणून कानीकपाळी ओरडले, पण नाही, राणीसरकारांना आईच्या गळ्यातलंच हवं."

"आई, ती पट्ट्याचं कुठलं टोक चघळते?"

"आता टोकं बघत बसू का मी? जे हाताला लागेल ते."

"वरचं? की खालचं, चिमटीचं?"

"काय झालं गं?"

"काही नाही. तिला घेऊन इकडे या. टॅक्सीनं. आत्ता."

"तिची झोपायची वेळ झालीय. आत्ता उठवलं ना, तर दिवसभर..."

"आई. आत्ता."

सासूबाई एरवी एका वाक्याला तीन वाक्यं देणाऱ्या. लग्नाला पाच वर्षं झाली तरी तिच्या नोकरीला त्या 'ते तुझं किरणांचं' एवढंच म्हणत, जणू कुण्या परक्या माणसाशी असलेलं लफडं. आता त्या एवढंच म्हणाल्या, "अंगातला फ्रॉक बदलू, की तशीच आणू?" आणि त्या प्रश्नानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यांना सगळं कळलं होतं.

"बदला. काढलेला पिशवीत घाला, गाठ मारा, बरोबर आणा. आणि तुमचे हात धुवा. साबणानं. दोनदा."

त्यानंतरचा पाऊण तास तिला पुढे कधीच सलग आठवला नाही. तिनं अंघोळ केली, केस धुतले, हॉस्पिटलचा बंदांचा झगा घातला. सरांनी डोक्यापासून पावलांपर्यंत मीटर फिरवलं. सहा, पाच, सहा. "तुम्ही स्वच्छ आहात." तिनं पुन्हा हात धुतले. नखांच्या कडा लाल झाल्या. ठकी झाली तेव्हा पहिले दोन महिने ती तिचे श्वास मोजायची, पाळण्याशी बसून, बोटांवर. चाळीसच्या खाली गेले तरी भीती, पन्नासच्या वर गेले तरी. किती मिनिटं पाजलं, कुठल्या बाजूला, सगळं कागदावर. नवऱ्यानं शेवटी तो कागद फाडला होता. "तू आई आहेस की मीटर?" आणि मग, तिचा चेहरा बघून, जवळ येऊन: "एक कबूल कर. ते यंत्र तू कधी घरी आणणार नाहीस." तिनं कबूल केलं होतं, पाळलंही होतं. मनात आलं नव्हतं असं नाही. दोनदा ती मीटर पिशवीत घालून फाटकापर्यंत गेली होती आणि परत ठेवून आली होती, स्वतःलाच हसत, शहाण्या बाईसारखी. त्यातल्या दुसऱ्या खेपेचा वार कुठला होता? शुक्रवार होता. मागचाच शुक्रवार. तिनं नळ बंद केला. दुःख वाटायला हवं होतं, पण वाटली ती नुसती चीड, कबूल करून घेणाऱ्याची, कबूल करणारीची, शहाणपणाची.

वरच्या मजल्यावर गळा मोजण्याची खोली. एक खुर्ची, आणि खुर्चीसमोर स्टँडवर जाड नळकांडं, तोंड पुढे काढलेलं. खुर्चीत बसलेल्याच्या गळ्याशी ते लावायचं, आणि पाच मिनिटं ते ऐकत राहतं. हातातल्या मीटरला ऐकू न येणारंही त्याला ऐकू येतं. सरांनी आधी रिकामी खुर्ची मोजली. चारशे पाच.

ठकी आली ती सासूबाईंच्या खांद्यावर, अर्धवट झोपेतून उठवलेली, लालबुंद. आईला बघून तिनं दोन्ही हात पसरले. आई दारातच थांबली. पाय पुढे टाकता येईना. मीटर स्वच्छ म्हणालं होतं, पण मीटरला काय कळतं, पाच दिवस ते तिच्या छातीशीच होतं. ठकीनं आधी आश्चर्यानं पाहिलं, मग ओठ काढला, मग भोकाड पसरलं. सरांनी तिचे हात, हनुवटी, गाठ मारलेला फ्रॉक तपासला. आवाज वाढला नाही. "वरवर काही नाही. आता गळा."

सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या. ठकी धनुष्यासारखी ताणली, नळकांड्याला लाथ मारली, मांडीवरून ओघळायला लागली. "अगं, फोटो काढतायत काका, छान फोटो," सासूबाई म्हणाल्या आणि सरांना म्हणाल्या, "जरा हसा की हो, पोर घाबरते." सर हसले. ठकी आणखी जोरात रडली. पन्नास सेकंदांनी सरांनी यंत्र थांबवलं.

"मूल हललं की आकड्याला अर्थ राहत नाही. तुमच्याकडे शांत बसेल?"

"बसेल," ती दारातून म्हणाली. "पण मी नको. मी असले तर तो आकडा कुणाचा, कळणार नाही."

"कळेल. आधी तुम्ही एकट्या बसा, नळकांडं तुमच्या छातीशी, तिचा गळा येईल त्या उंचीवर. मग तिला घेऊन बसा. दुसऱ्यातून पहिला वजा."

"म्हणजे मी बॅकग्राउंड."

"हो."

ती बसली. पाच मिनिटं ठकी दाराबाहेर रडत होती आणि ती हलली नाही. इतकं न हलणं तिला कधी जमलं नव्हतं. बाळंतपणाच्या टेबलावरही नव्हतं. आपल्या छातीचा पिंजरा एखाद्या रिकाम्या कपाटासारखा त्या नळकांड्यापुढे उघडा आहे, आणि त्यात जे काही सापडेल ते आज तिच्या लेकीच्या नावातून कमी होणार आहे, असं तिला वाटलं. आपलं काहीतरी निघावं, की काहीच निघू नये? क्षणभर तिला कळेना की कुठलं मागायचं. चारशे बारा. "रिकाम्या खुर्चीइतकंच," सर म्हणाले.

मग ठकी तिच्या मांडीवर आली. हुंदके देत, नाक पुसत, ओळखीच्या खड्ड्यात डोकं बसवत. आणि बसवल्याबरोबर हात वर गेला, गळ्याशी. झग्याचा बंद चाचपला, सोडला. दुसरीकडे चाचपलं. तिथे काही नव्हतं. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं, एखाद्याच्या घरी जावं आणि दाराला कुलूप असावं तसं. रडं पुन्हा वर येतंय हे दिसलं, आणि विचार करायच्या आत तिनं आपलं बोट पुढे केलं. चारदा धुतलेलं, नखाशी लाल झालेलं. ठकीनं ते पकडलं आणि चावलं.

"सुरू करतो," सर कुजबुजले.

चार दात आणि पाचव्याची टणक जागा. दुखत होतं, नेमकं, एका ठिकाणी, आणि ते बरं वाटत होतं. नळकांडं ठकीच्या गळ्याशी, तिच्या इवल्या, लाळेनं ओल्या गळ्याशी टेकलं होतं. त्या कातड्याखाली ती ग्रंथी. पावट्याच्या दाण्याएवढी, एवढीही नसेल. मोठ्या माणसात जे पसरून जातं ते तेवढ्याशा दाण्यात मावतं. सेकंदाला एक, दीड, अशी टकटक येत होती आणि प्रत्येक टकेला तिचं मन विचारत होतं, तू कुणाची? भिंतीची? आकाशाची? माझी? की हिची? विचारून उपयोग नव्हता. टकेला नाव नसतं. एकेकटी कधीच काही सांगत नाही, तीनशे सेकंदांनी सगळ्या मिळून सांगतात. ठकीचं चावणं मंदावत गेलं. एकशे ऐंशी सेकंद. दोनशे दहा. सासूबाई भिंतीशी उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आणि त्यांचे ओठ हलत होते. त्याही मोजत होत्या.

"चारशे एकतीस."

सासूबाईंचे ओठ थांबले.

"एकोणीस जास्त," सर म्हणाले. "चारशेच्या मोजणीत वीस इकडे, वीस तिकडे, असं होतंच. तुम्हाला मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. शिकाऊ मुलींना हे तीच सांगायची, फळ्यावर लिहून. एकोणीस म्हणजे काहीच नाही. पण एकोणीस म्हणजे एकोणीस. ठकीच्या गळ्याशी, पाच मिनिटांत, कुठून तरी आलेल्या एकोणीस टका.

"पुन्हा," ती म्हणाली.

सरांनी पुन्हा लावलं. ठकी झोपली होती, तोंडातलं बोट न सोडता. पाच मिनिटं. तीनशे अठ्ठ्याण्णव.

"आता चौदा कमी," सर म्हणाले. "म्हणजे तुमची मुलगी उलट किरणं गिळते, असं म्हणायचं का?" हा विनोद होता हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

सासूबाई भिंतीपासून सुटून पुढे आल्या. "साहेब, हे जास्त-कमी, उलटसुलट मला समजत नाही. एका शब्दात सांगा. पोरीच्या अंगात ते आहे की नाही?"

सरांनी कागदाकडे पाहिलं. सवयीनं ओठ दशांशासाठी उघडले. मग त्यांनी कागद उलटा ठेवला.

"नाही."

सासूबाई मटकन शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि पदराला नाही, पर्सलाच तोंड लावून रडायला लागल्या. ती तशीच बसून होती. सर तिच्याकडे बघत होते. त्यांना ठाऊक होतं. चारपट वेळ मोजलं तर शंका निम्मी होते. आणखी चारपट, आणखी निम्मी. आज संध्याकाळपर्यंत या खुर्चीत बसता येईल, उद्याही बसता येईल, आणि शंका निम्म्याची निम्मी, तिची निम्मी होत लहान लहान होत जाईल, इतकी लहान की तिला बघायला भिंग लागेल. शून्य मात्र होणार नाही. कुठल्याच मुलाची होत नाही.

"अजून एकदा लावू?" सरांनी विचारलं. "माझी हरकत नाही."

ठकीचं तोंड अर्धवट उघडं होतं. लाळ बोटावरून, तळव्यातून, मनगटापर्यंत उतरली होती, कोमट, आणि झग्याची बाही भिजली होती. श्वास वर-खाली होत होता. तिनं तो मोजायला सुरुवात केली. सातपर्यंत आली आणि तिथे आकडे सुटले.

"नको," ती म्हणाली. "झोपू दे तिला."